आक्काला देवतळीहून आणायला

आमच्या घराण्यात मरायला कुठे जावे याबद्दल कधी वाद नव्हता. पुरुषांनी जन्मभर काशीला जायचे म्हणायचे आणि शेवटी घरीच डोळे मिटायचे. बायकांनी काहीच म्हणायचे नाही आणि घरीच डोळे मिटायचे. हा शिरस्ता माझ्या आत्याने मोडला. ती वडिलांची थोरली बहीण. वडील तिला आक्का म्हणतात म्हणून आम्हा भावंडांचीही ती आक्काच.

आक्काचे यजमान सुप्याच्या जंगलकचेरीत कारकून होते. तिथल्या तापानेच ते गेले आणि आक्का तरुणपणी आमच्या बेळगावच्या घरी परत आली. आमचे दात, आमचे गोवर, आमच्या मुंजी, सगळे तिच्या हातून पार पडले. शेवटच्या बहिणीचे लग्न झाले, मांडव उतरला, आणि त्याच आठवड्यात आक्काने तुळशीची माळ, गोपीचंदनाची डबी आणि दोन लुगडी एका गाठोड्यात बांधून सांगितले, "मी आता देवतळीला जाते. तिथेच राहणार आणि तिथेच देह ठेवणार."

आम्हा वैष्णवांत याला क्षेत्रवास म्हणतात. देवाचे एखादे ठिकाण धरायचे, त्याची सीमा मनाशी आखायची आणि देह पडेपर्यंत तिच्याबाहेर पाऊल टाकायचे नाही. तिथले पाणी प्यायचे, तिथल्या धुळीत निजायचे, म्हणजे मरताना देवाला शोधत फिरावे लागत नाही. असे व्रत घेऊन काशीला, उडुपीला, मथुरेला राहिलेली माणसे आमच्या ओळखीत होती आणि त्यांचा सगळ्यांना अभिमान होता. पण देवतळी? सुप्यापलीकडच्या रानात एक तळे, काठी नारायणाची एक झिजलेली मूर्ती आणि भोवती कुणब्यांची घरे! यजमान एकदा फिरतीवर असताना आक्काला तिथे घेऊन गेले होते, एवढाच तिचा आणि त्या गावाचा संबंध. वडिलांना या गोष्टीची लाज वाटे. "लोक मला विचारतात, तुमच्या घरी बहिणीपुरता भात शिजत नाही काय?" असे ते दर एकादशीला म्हणत.

यंदा पौषात त्या बाजूच्या एका व्यापाऱ्याने निरोप आणला, की आव्वा, तिकडे आक्काला आव्वा म्हणतात, फार खोकते आहे आणि ताप अंगात मुरला आहे. वडिलांनी मला बोलावले. मी शाळामास्तर, मला रजा मिळण्यासारखी होती.

"जा आणि तिला घेऊन ये," वडील म्हणाले. "व्रत मोडेल त्याचे प्रायश्चित्त मी घेईन. पण आक्का रानात मेली असे मला ऐकायचे नाही."

लोंढ्यापासून सुप्यापर्यंत

आगगाडीचा प्रवास सांगण्यासारखा नाही; कोळशाची कसपटे डोळ्यांत गेली आणि लोंढा आले, एवढेच. तिथून यल्लाप्पाची गाडी ठरवली. यल्लाप्पा मूळचा खानापूरकडचा, आता रामनगराला राहून मिठाचा आणि तांदळाचा व्यापार करतो. माणूस बोलका. मी गाडीत बसायच्या आत त्याने माझे लग्न, पगार आणि पोटाची तक्रार काढून घेतली होती.

"आनि आव्वास्नी आनायला चाललाय म्हना की," तो म्हणाला. "त्या यायच्या न्हाईत बगा."

"तुला काय ठाऊक?"

"मी मीठ घालतोय न्हवं देवतळीला. दर खेपंला इचारतोय, येतासा काय बेळगावला? तर म्हंत्यात, माज्या वाटचं जाऊन ये तूच."

पहिल्याच मुक्कामावर माझ्यावर एक संकट कोसळले. आईने दशम्या आणि मेतकूट बांधून दिले होते. ते गाठोडे मी गाडीच्या दांडीला अडकवून ओढ्यावर संध्येला गेलो. परत येतो तो यल्लाप्पाच्या डाव्या बैलाने दशम्या फडक्यासकट संपवल्या होत्या, आणि लोणचे कुठे ठेवले आहे अशा चेहऱ्याने तो माझ्याकडे बघत होता. यल्लाप्पाने आपली भाकरी पुढे केली. मी ब्राह्मणाचा मुलगा, ती घेणार कशी? जगलबेटच्या दुकानात केळी मिळाली, ती खाऊन दिवस काढला. यल्लाप्पा मात्र भाकरीबरोबर लाल मुंग्यांची चटणी मिटक्या मारत खात होता. झाडावरच्या पानांच्या घरट्यातून मुंग्या झाडून घेतात आणि मीठ-मिरची घालून वाटतात. तापावर औषध म्हणे. वास आंबटसर, वाईट नव्हता, पण मी केळ्यांवरच समाधान मानले.

सुप्याला काळी नदीला पांढरी येऊन मिळते. पांढरीचे पाणी पांढरे नाही आणि काळीचे काळे नाही; दोन्ही हिरव्यागार, काठच्या बांबूंची सावली अंगावर घेऊन शांतपणे वाहतात. गाव लहान, कचेरीच्या कौलांवर शेवाळ. आपल्याकडे माणूस भेटला की "काय, बरं आहे ना?" म्हणतात, इथे "ताप कधी येऊन गेला?" असे विचारतात आणि उत्तर मनापासून ऐकून घेतात. मी संगमावर स्नान केले आणि आक्काचे यजमान ज्या काठावर जळले तो काठ कोणता असेल, याचा अंदाज घेत थोडा वेळ उभा राहिलो. विचारायला कोणी जुने माणूस सापडले नाही.

दिग्गीच्या वाटेवर

सुपा सोडले की रान गाडीच्या दोन्ही चाकांना घासू लागते. साग, किंदळ, जांभळाची झाडे, मध्येच ओढा. पूर्वी हे कुणबी रान तोडून, जाळून त्यावर नाचणी करीत आणि तीन-चार वर्षांनी जागा बदलीत. सरकारने ते बंद केल्यापासून ते भाताच्या चिंचोळ्या खाचरांवर आणि जंगलखात्याच्या मजुरीवर दिवस काढतात. वाटेत बायका भेटल्या. लुगड्याची गाठ खांद्यावर, गळ्यात मण्यांच्या माळांचा ढीग, डोक्यावर रानातले कंद. आमची गाडी पाहून त्या वाट सोडून झाडीत उभ्या राहिल्या आणि आम्ही पुढे गेल्यावर मोठ्याने हसल्या. बहुधा माझ्या पगडीला हसल्या असाव्यात.

दिग्गीला एका ओट्यावर पेज रांधून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या सुमारास देवतळीच्या सीमेवर पोचलो. सीमेवर एक उभा दगड आहे, त्याला शेंदूर. दगडाजवळ एक आडव्या अंगाचा, पोट सुटलेला, मिशाळ म्हातारा तपकीर ओढत उभा होता. हा गावचा बुदवंत, म्हणजे कुणब्यांचा मुखिया. नाव सोमा. गावात कोण येतो, कोण जातो, हे आपल्याला आधी कळले पाहिजे असा त्याचा खाक्या.

"कोन म्हनायचं?"

"आव्वांचा भाचा. बेळगावाहून आलो."

सोमाने मला खालपासून वरपर्यंत निरखले. "लई येळ लावलासा की यायला," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

देवतळी

आक्का देवळाच्या पडवीत चटईवर बसून तुळशीच्या मंजिऱ्या खुडत होती. मी तिला ओळखलेच नाही. आमच्या घरी लोखंडी कढई एका हाताने उतरवणारी बाई. तिच्या मनगटाचे आता नुसते हाड उरले होते. मी पाया पडलो तेव्हा तिने पाठीवर हात ठेवला आणि तो हात तापलेला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

"गोविंदा, जाडा झालास," ती म्हणाली. "बायको चांगलं घालते वाटतं. बस की."

तिच्याशी बोलायला वेळ लागला, कारण मध्ये खोकल्याची उबळ येई आणि ती आवरली की ती बेळगावच्या एकेका माणसाची चौकशी करी. शेवटी मी विषय काढला. वडील काय म्हणाले ते सांगितले, लोक काय म्हणतात ते सांगितले, वैद्य, औषध, गरम पाणी, सगळे सांगितले.

"मी येणार नाही," ती शांतपणे म्हणाली.

"आक्का, मग काशीला तरी चल. मी पोचवतो."

"काशीला मरणाऱ्यांची रांग आहे रे. इथं देव रिकामा आहे." तिने मूर्तीकडे हनुवटीने दाखवले. गाभारा म्हणजे तीन भिंती आणि वर गवत. नारायणाचे नाक झिजून सपाट झालेले. "तुमच्या घरी मी सगळ्यांची होते. कुणी वाईट वागवलं नाही. पण सकाळी उठले की पहिली आठवण चुलीची यायची, देवाची नाही. इथं डोळे उघडले की हे तोंड दिसतं. मिटताना हेच दिसलं की झालं. याच्यापलीकडे माझं काही मागणं नाही."

मी तिच्याजवळ बसून मंजिऱ्या खुडू लागलो.

त्या दुपारी मला एक आशा मात्र सापडली. गावात गडबड चालली होती: कोंबड्या टोपलीखाली झाकणे, मडकी बांधणे, गुरांच्या गळ्यातल्या घंटा काढणे. सोमाला विचारले. तो म्हणाला, "परवा गाव भाईर काडायचं हाय. देवानं कौल दिला."

हा रिवाज आमच्याकडे नाही म्हणून सांगतो. काही वर्षांनी एकदा देवाला फुले लावून कौल मागतात. उजवे फूल पडले की ठरल्या दिवशी सूर्य उगवायच्या आत सगळा गाव, तान्ह्या पोरापासून कुत्र्यापर्यंत, सीमेबाहेर निघून जातो. दिवसभर बाहेर रांधायचे, खायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. तेवढ्या दिवसात गावात जित्या माणसाने राहायचे नाही. त्या दिवशी देव आणि राखणदार गावात फिरतात, घरे बघतात, काय बिघडले ते नीट करतात. माणसाने मध्ये लुडबुड करू नये.

"आनि कोन ऱ्हायला तर?" मी विचारले. इतक्यात मलाही तिथली बोली चिकटली होती.

सोमाची तपकीर ओढायची थांबली. "मागल्या बारीला माजा चुलता ताप हाय म्हनून ऱ्हायला. त्या पावसाळ्यात गावातली पोरं गेली. माज्या लेकाचं बी गेलं." त्याने पलीकडे बोट दाखवले. त्याची सून पोटुशी होती, सूप पाखडत होती. "आता परत दीस गेल्यात तिला."

मी वरवर हळहळलो, पण मनात लाडू फुटत होते. वडिलांचा हुकूम आणि माझी विनवणी जिथे हरली, तिथे गावाचा रिवाज जिंकणार होता. आक्काला सीमेबाहेर यावेच लागणार. एकदा सीमा ओलांडली की व्रत मोडले, आणि मोडलेल्या व्रतासाठी परत जाण्यात अर्थ काय? यल्लाप्पाला सांगितले. तो डोळे मिचकावून म्हणाला, "गाडी दगडाच्या भाईरच लावतो. गवत बी टाकून मऊ करतो."

खल

आक्काने ऐकले आणि मान हलवली. "मी सीमेबाहेर जात नाही."

सोमा देवळासमोर आला, मागे सगळा गाव. तिच्यावर राग कोणाचाच नव्हता, आणि त्यामुळे गोष्ट जास्त अवघड झाली होती. हिनेच त्यांच्या पोरांना तापात काढे पाजले होते, बाळंतिणींच्या उशाशी बसून नाम घेतले होते.

"आव्वा, एक दीस," सोमा म्हणाला. "आमी पालखीगत उचलून न्हेतो. संद्याकाळी परत आनतो."

"सोमा, तुझा नेम तुला आहे तसा माझा मला आहे."

"तुमच्या नेमापायी माज्या सुनंचं काय व्हनार?" सोमाचा आवाज चढला आणि लगेच फुटला. सून दाराआड उभी होती. आक्काने तिच्याकडे बघितले आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा पडला. ती मला हळूच म्हणाली, "गोविंदा, आता काय करावं रे?" जन्मभरात तिने हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता. मला गाडीत टाकलेले गवत आठवले आणि मी उगीच तिची चटई सारखी करू लागलो.

दुसरा सगळा दिवस जांभळीखाली गावाचा खल चालला. मी लांब बसून ऐकत होतो. कोणी म्हणाले आव्वाला झोपेत उचलावे, कोणी म्हणाले परत कौल लावावा, कोणी म्हणाले मास्तरने आपल्या माणसाला समजवावे. सोमा सगळ्यांवर ओरडत होता. मग एक म्हातारी बोलली. सोमाची आई, दात नाहीत, कानाने कमी.

"भाईर जायचा नेम कुनाला?" ती म्हणाली. "जित्त्याला. थोरल्यांचे दगड कोन भाईर न्हेतंय व्हय? ते हतंच ऱ्हात्यात."

जांभळीपासून थोड्या अंतरावर, तळ्याच्या वरच्या अंगाला ओळीने नदीचे गोटे मांडलेले आहेत. गावातले माणूस मेले की त्याच्या नावाचा एक गोटा तिथे बसवतात. ते गावाचे थोरले. गाव बाहेर पडतो तेव्हा ते राखणीला गावातच राहतात.

"आव्वाचा दगड बसवा," म्हातारी म्हणाली. "मंग त्या बी थोरल्यांत. त्यास्नी कोन भाईर काडनार?"

मग सगळे एकदम बोलू लागले. यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटेना. वाद सुरू झाला तो एवढाच, की दगड कोणत्या ओळीत. सोमा म्हणाला आपल्या आजीशेजारी जागा आहे. दुसरा म्हणाला आजी भांडखोर होती, आव्वाचे तिच्याशी कसे पटायचे? यावर बराच वेळ गेला. आणि मग सोमा माझ्याकडे वळला.

"पन दगडाला पानी तेंच्या रगताच्या मानसानं घालाय पायजे. मास्तर, तुमी हायसा."

मी ताडकन उठलो. "जिवंत माणसाला तिलांजली? मी? मी तिला घरी न्यायला आलो आहे!" मी आणखीही पुष्कळ बोललो, रानटी, अडाणी असे शब्द त्यात होते. मी तरातरा देवळात गेलो आणि आक्काला सगळे सांगितले. वाटले, ती तरी चिडेल.

आक्का हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसली. मग डोळे पुसून बसली.

"गोविंदा, संन्यास घेताना काय करतात, ठाऊक आहे तुला? आपलंच श्राद्ध करतात. मग देवाच्या आणि आपल्यामध्ये कोणी उरत नाही. मला ते किती वाटायचं. तुझ्या आजोबांना विचारलं होतं मी एकदा. म्हणाले, बाईला तो अधिकार नाही, त्यातून विधवेला तर नाहीच." तिने जांभळीकडे बघितले. "आणि ही म्हातारी झाडाखाली बसल्या बसल्या देऊन टाकते आहे."

"माझ्याने होणार नाही, आक्का."

"मी खरी मेल्यावर इतक्या लांब येणार होतास का तू? आता आलायस तर उरकून घे." मग तिने माझा हात धरला. तापलेला, हाडकुळा हात. "त्या पोरीचं पोट बघितलंस ना? आणि मला या देवाचं तोंड बघत मरायचं आहे. दोन्ही तुझ्या एका ओंजळीत आहे रे."

मी रडलो. मोठा बाप्या माणूस, शाळामास्तर, देवळाच्या पडवीत पोरासारखा रडलो. मग यल्लाप्पाला जाऊन सांगितले, की गाडीतले गवत बैलांना घाल.

ओंजळ

सूर्य उगवायच्या आधी, नुकते फटफटू लागले होते तेव्हा, मी तळ्यात बुडी मारली. पाणी बर्फ झाले होते. सोमाच्या आईने काळे तीळ आणून दिले. दर्भ मिळेना, म्हणून तळ्याकाठचे गवत घेतले. सोमाने नदीचा एक गुळगुळीत गोटा शेवटी आजीशेजारीच बसवला. आक्का समोरच, देवळाच्या पायरीवर घोंगडी पांघरून बसली होती.

मी गोत्र उच्चारले.

"ते माहेरचं," आक्का म्हणाली. "सासरचं गोत्र घे."

मी दुरुस्त केले. नाव घेतले. मग पुढे प्रेत हा शब्द येतो. तिथे मी अडलो. आक्का पायरीवरून माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत बसलेल्या परीक्षकासारखी. "म्हण," ती हळूच म्हणाली. मी म्हटले. अंगठ्यावरून तीळ-पाणी गोट्यावर सोडले. एकदा, दोनदा, तीनदा. मागे सोमाच्या आईने मडके फोडले आणि बायकांनी गळा काढला. ते रडणे रिवाजाचे होते की खरे, मला सांगता येणार नाही. सोमाची सून तर हुंदके देत होती. मध्येच एकीने रडणे थांबवून विचारले, "आव्वानं चूल इजवली काय?" आणि विझवली आहे असे कळल्यावर पुन्हा रडू लागली.

आता नेम असा होता, की मेलेल्या माणसाला आपण होऊन हाक मारायची नाही. ते बोलले तर ऐकावे. आणि बाहेर जाताना मागे वळून बघायचे नाही. सगळा गाव गुरांसकट निघाला. मी मागे बघितले नाही. दगडापर्यंतची ती वाट मी कशी चाललो, ते माझे मलाच माहीत.

सीमेबाहेर

ओढ्याकाठी झाडाखाली चुली मांडल्या. पोरे पाण्यात डुंबू लागली, बायका कंद भाजू लागल्या, म्हातारे जुन्या वेळच्या गोष्टी सांगू लागले. आमच्याकडे आवळीभोजन असते त्याची आठवण व्हावी, असा सगळा थाट. सकाळी रडलेले हेच का, असे मनात आले. मी वेगळ्या तीन दगडांवर भात घातला, पण लक्ष सगळे सीमेच्या दगडाकडे. आक्काला खोकल्याची उबळ आली तर पाणी कोण देणार? एकटीच गेली तर?

सोमा येऊन शेजारी बसला. माझ्या रानटी, अडाणी या शब्दांची त्याने आठवणही काढली नाही.

"मास्तर, घोर करू नगासा," तो म्हणाला. "आज ततं देव फिरतंय. आव्वा तेंच्या संगट हाय. आमीच हतं एकटं."

त्याने आपली तपकिरीची डबी पुढे केली. मी आयुष्यात पहिल्यांदा तपकीर ओढली आणि शिंकून शिंकून बेजार झालो. सगळा गाव हसला. मीही हसलो.

दिवेलागणीला सोमा एकटा आत जाऊन कौल घेऊन आला, मग आम्ही गेलो. मी देवळाकडे जवळजवळ पळतच गेलो. आक्का पायरीवर होती, सकाळच्या जागीच. जिवंत होती. चेहरा दमलेला, पण इतका मोकळा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. मी हाक मारणार, तोच नेम आठवून तोंड मिटले.

"कोणी आलं नाही की गेलं नाही," ती आपण होऊन म्हणाली. "दिवसभर आम्ही दोघंच. मी बोलत होते, तो ऐकत होता."

इतक्यात सोमाची सून आली. गावात पहिली चूल तिने पेटवली होती. थोरल्यांना रोज पहिला घास ठेवतात, तो ती पानावर घेऊन आली होती: नाचणीची भाकरी आणि कंदाची भाजी. पान आक्कापुढे ठेवले, नमस्कार केला आणि न बोलता गेली. आक्का आजवर स्वतःच्या हाताने, सोवळ्यात रांधून खात होती, त्या तापातही. मी पानाकडे पाहिले आणि तिच्याकडे पाहिले.

"बघतोस काय?" आक्का म्हणाली. "मेलेल्याला कसलं सोवळं?"

तिने नारायणाला पान दाखवले, तुळशीचे पान ठेवले आणि भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. मी तिला अडवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग मला बरे वाटले. आता तिला तापात चूल फुंकावी लागणार नव्हती. हा गाव रोज स्वतःच्या आधी तिला वाढणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. आमच्यात घरातून निघताना कोणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणायचे. फक्त मर्तिकाच्या घरून निघताना ते म्हणत नाहीत, मुकाट्याने उठून चालू लागतात. मी पाया पडलो आणि मुकाट्याने उठलो. आक्काने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जा," ती म्हणाली.

बेळगाव

आईने आक्कासाठी मागची खोली सारवून ठेवली होती. ओसरीवर वडील वाट बघत होते. मला एकट्याला उतरताना पाहून ते उभे राहिले. मी काही लपवले नाही. तीळ, गोटा, गोत्र, भाकरी, सगळे सांगितले.

"जिवंत बहिणीला पाणी सोडलंस माझ्या?" ते ओरडले. मला वाटले, आता हात उगारतात. मग खाली बसले. त्यांनी विचारले, "ती काय करत होती तेव्हा?"

"माझं गोत्र चुकलं, ते तिने दुरुस्त केलं."

वडिलांना हसू फुटले आणि त्याच्यामागून डोळे भरून आले. "निघताना येतो म्हणालास?"

"नाही."

ते उठले, अंगरखा काढून खुंटीला अडकवला आणि विहिरीवर गेले. गार पाण्याच्या दोन घागरी त्यांनी डोक्यावर ओतून घेतल्या. ओलेत्याने परत आले तेव्हा आई दारात घाबरून उभी होती.

"अहो, वन्सं जिवंत आहेत ना?"

"आहे की."

"मग तुम्ही स्नान का केलंत?"

वडील पंचाने डोके पुसत होते. "आक्का गेली म्हणून," ते म्हणाले. "आता तिला आणायला कोणी जायचं नाही."